मोटरजवळचा जप

ती. ताईस नमस्कार.

देवाच्या दयेने आम्ही खुशाल आहोत. तुझे गुडघे कसे आहेत?

आमच्या इमारतीमागच्या वस्तीत मुलांना सारखी कावीळ व्हायची. एक लेकरू तर दगावता दगावता वाचलं. इमारतीतले लोक म्हणायचे, "घाणेरडी राहतात." आपली सूनबाई नर्स ना, तिने भर बैठकीत सांगितलं, "आपली त्यांची लाइन एकच. आपली मोटर जोरात पाणी ओढते, म्हणून त्यांच्या फुटक्या पाइपात गटार शिरतं." पाइप बदलेपर्यंत मोटर बंद ठेवायचं तिने ठरवून घेतलं.

आता पाणी यायच्या वेळी मी जपमाळ घेऊन मोटरच्या बटणाशीच बसते. आमचं बादलीभर पाण्यात भागतं. दोन-तीन घरं बोलत नाहीत, असो. काल शेजारीण म्हणाली, "सुनेला जरा आवरा." मी म्हटलं, "आधी सासूला इथून उठवून दाखवा!"

तुझीच,
धाकटी