जमिनीचं ऐकणारी तेजू

हैदराबाद
२० मे १९९८

ती. दादांस,
तेजूचा सप्रेम जयभीम, वि. वि.

बुद्धपौर्णिमेला घरी नव्हते, विहारातली खीर हुकली. त्याच दुपारी राजस्थानात अणुस्फोट झाले. बातमी कळल्यावर आमच्या संस्थेत सगळे भूकंपाच्या आलेखांपाशी गोळा झाले. इतक्या लांबची जमीन हलली, तर इथं कागदावर रेघ थरथरली होती.

आता मनातलं सांगते. नॉर्वेत एक केंद्र आहे. जगात कुणी चोरून अणुचाचणी केली, तर तिथले लोक जमिनीच्या हादऱ्यावरून ती ओळखतात. भूकंपात खडक एकमेकांवर घसरतात, स्फोटात जमीन सगळीकडे एकदम ढकलली जाते. दोन्हींच्या रेघा वेगळ्या असतात. ती पारख शिकायला दोन वर्षांसाठी माझी निवड झालीय. ऑगस्टात निघायचं. तुमच्या होकाराशिवाय जाणार नाही.

आईनं गुडघ्याला तेल लावण्यात आळस करू नये.
तुमची लाडकी लेक,
तेजू

पेठ
२६ मे १९९८

चि. तेजूस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

इकडे सर्व खुशाल. तुझ्या निवडीचं बनाआत्यानं गावभर सांगून टाकलं. नॉर्वेत बाजरी मिळते का, असं ती विचारते.

मी उमेदीची वर्षं पलटणीत घालवली, तुला ठाऊक आहे. स्फोटाची बातमी आली तेव्हा स्टँडवर पेढे वाटले, मीही खाल्ले. रात्री विहारात बनाआत्यानं मला विचारलं, की बुद्धाचाच दिवस कशाला धरला? तिचा प्रश्न मनात राहिलाय. तरी देश तो देश. उद्या आपण पुन्हा चाचणी केली, तर परक्यांत बसून तू आपलीच चहाडी करणार? माझा होकार नाही. राग धरू नकोस.
तुझे,
दादा

हैदराबाद
२ जून १९९८

ती. दादांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

राग नाही, रडले मात्र. गेल्या आठवड्यात पाकिस्ताननंही स्फोट केले. त्यांचाही हादरा आमच्या आलेखांत आला. जमीन कुणाची बाजू घेत नाही, दादा.

सगळ्यांनी चाचण्या थांबवायच्या ठरवल्या, तरी समोरचा खरंच थांबलाय हे कळायला नको का? नाहीतर कोण कुणाच्या शब्दावर थांबेल? तुम्ही सीमेवर पलीकडची हालचाल टिपत होतात, ती लढाई पेटवायला नव्हे. माझंही काम तेच. आपली चाचणी झाली तर तीही सांगावी लागेल, हे तुमच्यापासून लपवत नाही.

तुम्ही नको म्हणालात तर इथंच राहीन. आत्याला सांगा, बाजरीची चौकशी करते.
माया पातळ होऊ देऊ नका.
तेजू

पेठ
१४ जून १९९८

चि. तेजूस,
पोटभर आशीर्वाद, वि. वि.

काल स्टँडवर चहा पीत होतो. गावातला सयाजी चारचौघांत म्हणाला, की तुमची पोरगी देशाची खबर परक्यांना द्यायला निघाली म्हणं. मी तुला लिहिलं तेच तो बोलत होता, पण त्याच्या तोंडून ऐकवेना. उठलो आणि म्हणालो, "सयाजी, माझी पोरगी खरं तेवढंच सांगायला चाललीय. मी जन्मभर पहारा दिला, आता ती देईल."

चहा तसाच ठेवून घरी आलो. बनाआत्याला सांगितलं, तर म्हणाली, मग हे तेजूला लिवायला काय झालं व्हतं? म्हणून लिहायला बसलो.

मला सगळं पटलेलं नाही. आपल्याकडे बाँब असावा असंच अजून वाटतं. पण तू जा. मुंबईच्या विमानतळापर्यंत मी येतो, आईही येईन म्हणते. आत्या बाजरीचं पीठ बांधून देणार आहे, नको म्हणू नकोस.

एक कर. पुढल्या बुद्धपौर्णिमेआधी पोचेल असं पत्र टाक. सालभरात कुठं काही उडालं नाही, एवढंच त्यात असलं तरी पुरे. मी विहारात उभा राहून वाचून दाखवीन.
तुझे,
दादा