पिंकी आमच्या वर्गात

सोमवार, १९ जानेवारी, संध्याकाळ

मायी बहीण पिंकी बारावीत आहे, पण तिच्या मॅडम रविवारी पोरींले बीएस्सी पयल्या वर्षाचं गणित शिकवतेत. बाबा म्हणे, "नागपूरच्या कालेजात टिकन का हे पोरगी?" मंग मज्जा पाहाले तिले आज गोंदियाले आमच्याच बीएस्सीच्या वर्गात नेऊन बसवलं. सरले म्हटलं, नवीन आहे.

सरनं लगेच फळ्यावर बोलावलं. गणित चुकलं. आमी सारे हासलो. पोरगी हालली नाई! खडू हातात धरूनच म्हणे, "सर, कोनती पायरी चुकली?"

आमी वर्षभर असं कधी विचारलं का? आमी त नुसतं उतरवून घेतो. सरनं दाखवलं, तिनं पुसलं आन पुरं सोडवलं. खडू काही ठेवला नाई तोवर! मी विचारलं, लाज काऊन नाई वाटली? "दर रविवारी चुकतो आमी," म्हणे.

घरी सांगतलं, "बाबा, टिकन पोरगी. नागपूरच्या कालेजच्या फॉर्मवर सही करा."

"यात काय खोडी आहे तुयी?"

माया खोड्या जुन्या, शपथ घेतली तरी बाबा मानत नाई. शेवटी माया गाडीची चाबी समोर ठेवली. "खोटं निघालं त विकून टाका."

बाबांनं सही केली. चाबीही खिशात टाकली. उद्या आमच्या नागऱ्यावरून गोंदियाले कालेजात पायीच.