जाहिरातीस सहकुटुंब यावे

मु. पो. पूर्णगड, जि. रत्नागिरी
दि. ४ मे २००६

चि. सौ. मनस्विनी हिस,

आप्पाचे पोटभर आशीर्वाद. तुझ्या यजमानांना नमस्कार. त्यांचा गुडघा आता कुरकुरत नसावा. इकडे तुझी वहिनी ठीक, गाय ठीक, विहिरीला पाणी आहे. मी मात्र गेले पंधरा दिवस हबकलेला आहे आणि त्याला कारण तुझे चिरंजीव सलिल. (पुण्यात कॉम्प्युटरची नोकरी करतो म्हणून आपण त्याचे कौतुक करतो, त्यात माझाही दोष आहेच.)

पाडव्याला मी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवून गाऱ्हाणे घातले, ते तुझ्या कानावर आले असेल. वाशीचा दलाल रघूशेट, त्याच्या गाळ्यात यंदा माझी एक पेटीही उतरणार नाही, असे अख्ख्या गावासमक्ष बोललो. बावीस वर्षे शिंच्याला माल घातला आणि गेल्या साली खणखणीत फळाला डागी ठरवून निम्मा भाव हातावर टेकवला, मग डोके फिरणार नाही तर काय? पण गो, बोलताना जोर आला, घरी येईपर्यंत घाम फुटला. साठ पेट्या आंबा तयार होत आलेला, आणि आंबा काही आपल्या गाऱ्हाण्यासाठी थांबत नाही. गिऱ्हाईक मिळाले नाही तर देवाला दिलेला शब्द मोडायचा, नाहीतर माल कुजताना बघत बसायचे. दोन्ही कल्पनांनी जेवण जाईना.

अशात सलिलचा फोन. म्हणाला, मामा, इंटरनेटवर जाहिरात दे. मुंबईचा माणूस सर्च इंजिनमध्ये हापूस म्हणून शोधेल, त्याला बाजूला आपल्या दोन ओळी दिसतील, त्यावर दाबले की आपले पान उघडेल, तिथेच तो मागणी नोंदवेल. जागा दोन. एक थोरले सर्च इंजिन, सगळे जग तिथे, पण दर आठ रुपये. दुसरे धाकटे, दर दीड रुपया, पण वर्दळ बेताची. मी म्हटले, दुकान मांडायचे ते एसटी स्टँडसमोर, बोळात कशाला? थोरलेच घे. त्याने आपल्या कार्डावरून पैसे भरले आणि रोजची मर्यादा दोनशे रुपये ठेवली. आठ रुपये नक्की कशाचे, तेही तो सांगू लागला होता, पण मला छापखाना गाठायचा होता, म्हणून मी फोन ठेवला.

छापखाना कशाला विचारशील. घरात मंगल घडते तेव्हा आपण लोकांना बोलावतो की नाही? मी दोनशे पत्रिका छापल्या. आमचे येथे श्रीकृपेने आमच्या बागेच्या हापूसची जाहिरात इंटरनेटवर प्रसिद्ध होत आहे, तरी सहकुटुंब सहपरिवार जवळच्या सायबर कॅफेत जाऊन जाहिरातीवर अगत्याने बटण दाबावे, आहेर आणू नये. पहिली देवाला ठेवली, मग चिपळूण, गुहागर, रत्नागिरी, सगळीकडे स्वतः फिरून दिल्या. तुझी वहिनी म्हणाली, हे जरा अति होते आहे. मी तिला कोकणी माणसाच्या मागे राहण्याच्या कारणांवर भाषण दिले.

आणि काय सांगू, माणसे आली. लग्नाला येत नाहीत अशी आली. रत्नागिरीच्या कॅफेत आपल्या नातेवाइकांची रांग, बायका जरीकाठ नेसून, भारनियमनात वीज गेली तर पायरीवर बसून राहिल्या. एकेकाने दाबले, घरात आजारी होते त्यांच्या नावानेही दाबले. मागणीच्या तक्त्यात कुणी शुभेच्छा लिहिल्या, कुणी पेटीच्या जागी शून्य घालून आशीर्वाद दिले. मी दारात उभा राहून पन्हे वाटत होतो. सकाळी साडेदहाला सलिलचा फोन आला. म्हणाला, मामा, जाहिरात गायब झाली, दोनशे संपले. आठ रुपये जाहिरात लावण्याचे नसतात, प्रत्येक दाबण्याचे असतात, आणि ते आपण भरतो. मुंबई उठून बघेपर्यंत आपले नातेवाईक सगळे संपवताहेत. मी पन्ह्याच्या पातेल्यावर झाकण ठेवले.

मग दुसरी फेरी, नका येऊ म्हणून सांगायची. ही त्याहून वाईट. बोलावून नको म्हणतोस, आम्ही काय उपरे, असे म्हणत निम्मे रुसले. चिपळूणच्या आत्याने तर माझ्यासमोर पाटावरून उठून दार लावले. आणि आपला चुलतभाऊ गुरुप्रसाद (ज्याच्याशी दोन बागांमधल्या गडग्याच्या दोन हात जागेवरून अकरा वर्षे कोर्टात आहे), त्याला पत्रिका दिली नव्हती, पण दाबले की आप्पाचे आठ रुपये जातात हे त्याला कुठूनतरी कळले. तो रोज नेमाने दाबू लागला. गुहागरला मुलीकडे बारशाला गेला, तर तिथूनही एक दाबून आला. वकिलापेक्षा स्वस्त पडते असे म्हणत होता म्हणे. माणूस किती खाली जाऊ शकतो बघ!

अखेर सलिलने जाहिरात मुकाट धाकट्या सर्च इंजिनवर हलवली. कुणाला सांगितले नाही, वहिनीलाही नाही. तीन दिवस तिथे एक माणूस फिरकला नाही. अढीतला आंबा पिवळा पडू लागला, वास ओटीपर्यंत आला, आणि मी त्या वासाने कासावीस. चौथ्या दिवशी एकाने दाबले. दीड रुपया गेला, आणि मागणी आली साठच्या साठ पेट्यांची, मी लावलेल्या भावाने, पैसे आगाऊ. मी खुर्चीत बसलो तो तासभर उठलो नाही. तेव्हा काळजी करू नकोस, सगळे मार्गी लागले.

तुझा,
आप्पा

ता. क. मागणी करणाऱ्याचे नाव लिहायचे राहिले. रघूशेट. यंदा माल सगळीकडे कमी, म्हणून शिंचा शोधत होता. विशेष सूचना या रकान्यात त्याने लिहिले आहे, आप्पा, पेंढा कमी, आंबा जास्त. मी पैसे परत करायला निघालो होतो, वहिनीने हात धरला.

ता. क. २. देवाला मी सांगितले ते एवढेच की त्याच्या गाळ्यात माझी पेटी उतरणार नाही. तुझ्या वाशीतल्या घराविषयी मी काही बोललो नव्हतो, पुजाऱ्यांनाही विचारून घेतले. तर पेट्या तुझ्याकडे उतरतील आणि संध्याकाळी त्याची माणसे तुझ्याकडून घेऊन जातील. म्हणजे त्या तुझ्या झाल्या, माझ्या नव्हेत. मात्र उंबरठ्याच्या आत ठेव, जिन्याखाली चालणार नाही. तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही, हे मला ठाऊक आहे.

ता. क. ३. हे पत्र देणारा माणूस पोस्टमन नाही. टेम्पोवाला बाळा आहे तो. त्याला आधी पाणी दे.