चार टायर आणि ताईचा उजवा डोळा

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा उभ्या उभ्याच साष्टांग नमस्कार. (वाकून करायचा होता. पण गेल्या बुधवारी चार टायर एकट्याने जिन्याखाली लोटल्यापासून माझी कंबर वाकली की सरळ होत नाही आणि सरळ असली की वाकत नाही. तेव्हा भावना तेवढी वाकलेली समज.) तुझं पित्त कसं आहे? वहिनींच्या मानेचा पट्टा निघाला का? निघाला असेल तर फेकू नकोस, कंबरेला पुरेल का ते बघतो. आम्ही सर्व खुशाल आहोत असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. एरवी हिला विचारशील तर ती म्हणेल, घरात एकच माणूस खुशाल आहे आणि तो टायरचा दुकानदार आहे.

मुद्द्याचं आधी सांगतो, कारण मी मुद्द्यावर उशिरा येतो असं ही म्हणते. ताईच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला आहे. डाव्याचं तर तुला ठाऊकच आहे, तो पहिल्यापासून नावालाच. ऑपरेशनची तारीख या सोमवारची आहे. याआधीच्या दोन तारखा गेल्या. त्या कोणामुळे गेल्या ते या पत्रात पुढे येईल, पण तू हुशार आहेस, ओळखलंच असशील.

ताईची रोपवाटिका कुठे आहे हे तू जाणतोस. डेअरीच्या फाट्यापर्यंत डांबर, पुढे चार किलोमीटर रस्ता म्हणायचा तो आपल्या समाधानासाठी. मार्चमध्ये मी तिला म्हणालो होतो, ताई, तू काळजी करू नकोस, दादाकडून घेतलेली एसयूव्ही आहे, तिला ऑल टेरेन टायर टाकतो आणि तुला दारातून उचलून हॉस्पिटलच्या दारात ठेवतो. हे मी तिच्या तीन गिऱ्हाइकांदेखत म्हणालो. तिथेच चुकलं. कारण तेव्हापासून तिला फाट्यापर्यंत सोडायला कोणी तयार झालं की ती सांगते, नको, माझा भाऊ येणार आहे, त्याचे टायर चालू आहेत. (एखाद्याचं शिक्षण चालू असावं तसं.) आणि इकडे तिला दिसेनासं होत चाललं आहे. गेल्या महिन्यात लिंबाच्या रोपांवर पेरूच्या पाट्या लागल्या. त्याचं तिला हसू आलं. पण कलम बांधताना चाकू अंगठ्यात गेला तेव्हा हसू आलं नाही. तीस वर्षं जी बाई बोलता बोलता कलम बांधायची, ती आता बोटाने चाचपून बांधते आणि दहातली चार वाळतात. हे तिने मला सांगितलं नाही, हिला सांगितलं. माझ्या टायरचा अभ्यास बिघडू नये म्हणून.

तर अभ्यास. दादा, मी शाळेत किती शिकलो हे तुझ्याइतकं कोणाला माहीत नाही, कारण माझी प्रगतिपुस्तकं तूच लपवलीस. पण शिलाई मशीन मी कोणाकडे शिकलो? कोणाकडे नाही. उघडलं, बिघडवलं, पुन्हा उघडलं, दुरुस्त केलं. आज शहरातले निम्मे शिंपी माझ्या नावाने टाका घालतात. अशा माणसाने टायरच्या दुकानात जाऊन ‘चांगले दाखवा’ म्हणायचं? मी दोनशे पानी वही आणली. उभे रकाने नऊ: किंमत, खाचांची खोली, रबराचा कडकपणा (नखाने दाबून), बाजूच्या भिंतीची जाडी, डांबरावरचा आवाज, चिखलातली पकड, दगडावरची पकड, दुकानदाराचा स्वभाव आणि शेरा. आडवे टायर चौदा. महागडे मी आधीच काढून टाकले, कारण महाग वस्तू चांगली निघण्यात खरेदी करणाऱ्याचं कर्तृत्व काय? स्वस्तात उत्तम शोधायचं, त्याला डोकं लागतं. एकदा सगळी वही भरली तेव्हा पहिल्या टायरची किंमत बदलली होती, म्हणून दुसरी वही केली. हिने शांतपणे विचारलं, “मला पसंत करायला तुम्हाला अकरा मिनिटं लागली होती ना?” मी म्हणालो, तेव्हा माझ्याकडे वही नव्हती. त्यानंतर दोन दिवस माझा चहा मीच केला.

दुकानदार मला ओळखू लागले. मी रस्ता ओलांडताना दिसलो की एकाने शटर अर्धं ओढून घ्यायची पद्धत पाडली. मग मी वापरातले टायर तपासायला घेतले, कारण नवा टायर नवऱ्या मुलासारखा असतो, पहिल्या दिवशी सगळेच शहाणे दिसतात. उभ्या असलेल्या गाडीजवळ जायचं, काडेपेटीतली काडी खाचेत खुपसायची, नखाने खूण करायची आणि पट्टीवर मोजायची. एका बाईंनी मला हवा सोडणारा समजून पर्सने मारलं. (पर्समध्ये काय होतं कोण जाणे, आवाज पान्याचा आला.) तरी मी त्यांच्या मागच्या चाकाचं माप घेऊनच पळालो.

दुसरी तारीख टळली त्याच आठवड्यात मी हॉस्पिटलच्या आवारात एका पांढऱ्या गाडीखाली आडवा होतो. आतल्या बाजूची झीज बाहेरून दिसत नाही. पाहतो तर डोळ्यांपुढे दोन पॉलिश केलेले बूट. वर मान केली तर आपले डोळ्यांचे डॉक्टर, गाडी त्यांचीच. मी पडल्या पडल्या नमस्कार केला आणि म्हणालो, साडेसहा मिलिमीटर उरलंय डॉक्टर, अजून एक वर्ष सहज निघेल. ते मी बाहेर सरकून कपडे झटकेपर्यंत थांबले, मग म्हणाले, “तुमच्या बहिणीचं तसं नाहीये हो. किती उरलंय ते मलाही मोजून सांगता येणार नाही. अजून पिकू दिलं तर ऑपरेशन अवघड होईल. या सोमवारी आणा त्यांना, कशातही घालून आणा.”

दादा, मी तिथे उभा राहिलो आणि माझ्या हातात काडी होती. त्या काडीची मला आयुष्यात पहिल्यांदा लाज वाटली.

त्याच दुपारी निर्णय घेतला. वहीतला अकरावा टायर. खोली अकरा मिलिमीटर, किंमत आवाक्यातली, दुकानदाराचा स्वभाव बरा (कारण तो दुसऱ्या शहरात होता आणि आमचं सगळं फोनवर झालं). राहिली साईज. आता इथे माझ्या धंद्याची एक गोष्ट समजून घे. जुनं शिलाई मशीन आलं की त्यातल्या कुठल्याही भागावर मी विश्वास ठेवत नाही. ते दहा हातांतून गेलेलं असतं, ज्याला जे मिळालं ते त्याने बसवलेलं असतं. मी खालचा खण उघडतो. तिथे कापडात गुंडाळलेला, कधीही न वापरलेला एखादा सुटा भाग असतो, तोच अस्सल, त्याच्यावरचा नंबर खरा. पंचवीस वर्षांत हा नियम चुकला नाही. तेव्हा गाडीच्या चार चाकांवरचे झिजलेले, चिखलाने माखलेले आकडे मी पाहिलेच नाहीत. मागच्या दारावरच्या स्टेपनीचं कव्हर काढलं. आत कोरी, काळी कुळकुळीत, रस्ता न पाहिलेली स्टेपनी. दोनशे पासष्ट, पंचाहत्तर, सोळा. वहीत उतरवलं, खाली दोन रेघा मारल्या आणि चार टायर मागवले. विकलेला माल परत नाही, असं त्याने सांगितलं. मी म्हणालो, परत करणारा माणूस मी नव्हे. ते मात्र खरं ठरलं.

माल आला. स्टेपनीशेजारी ठेवून पाहिला, तंतोतंत. गाडीच्या चाकांपेक्षा थोराड दिसत होता, पण ती बिचारी झिजलेली, नवा जरा भरलेलाच दिसणार. पंक्चरवाला (तो टोपीवाला, चाळीस वर्षं याच धंद्यात आहे) टायरभोवती एक फेरी मारून म्हणाला, “रिमवर बसतील. पण वळणार नाहीत.” मी त्याला रबर, उष्णता आणि दाब यांवर दहा मिनिटं समजावून सांगितलं. त्याने मान डोलावली आणि बसवून दिले. जुने चार मी त्याच उत्साहात पलीकडच्या शाळेला देऊन टाकले.

गाडी सरळ अशी गेली की काय सांगू. उंच, भारदस्त, लोक वळून पाहत होते. पहिल्या चौकात उजवीकडे वळवली आणि खालून असा आवाज आला की जणू कोणी म्हशीला जिन्यावरून खाली ओढतंय. टायर मडगार्डला घासत होता. डावीकडे वळवून पाहिली तर नुसतं कुरकुरलं. (डाव्या मडगार्डला तुझ्या काळात बसलेला पोचा आतल्या बाजूने आहे, तो उजवीकडे वळताना नेमका आडवा येतो. दोष देत नाही, नोंद करतो.) तेव्हा घरापर्यंत मी फक्त डावीकडे वळत आलो. उजवीकडे जायचं असेल तर तीनदा डावीकडे जावं लागतं, हे गणित मी स्टिअरिंगवर बसूनच शोधलं. एक किलोमीटरचं घर चाळीस मिनिटांनी आलं. पेट्रोल पंपावरून तीनदा गेलो. पहिल्यांदा पंपावरचा माणूस नळी घेऊन पुढे आला, दुसऱ्यांदा त्याने हात केला, तिसऱ्यांदा त्याने आतल्या दोघांना बाहेर बोलावून घेतलं.

घरी येऊन चारही टायर उतरवून जिन्याखाली लोटले (कंबरेचं शेवटचं वाकणं तेच), गाडी विटांवर टेकवली आणि मग आठवलं. गाडी देताना तू म्हणाला होतास, ‘अरे, ही स्टेपनी माझ्या जुन्या जीपची आहे, साईज मोठी आहे, नुसती लटकवली आहे, तुझी तू घे.’ त्या वेळी मी तुला जॅक कुठे लावावा हे समजावत होतो, त्यामुळे मला ते ऐकू आलं पण शिरलं नाही. मोठ्या भावाचं ऐकावं, हे वय पन्नास पूर्ण झाल्यावर लिहून देतो आहे. जपून ठेव.

जुने टायर परत आणायला शाळेत गेलो. ते मैदानात निम्मे सिमेंटमध्ये पुरून, पिवळे रंगवून झाले होते आणि त्यांवर मुलं बसली होती. बाईंनी देणगीदार म्हणून माझं नाव विचारलं. मी तुझं सांगितलं.

ताईच्या रस्त्यावर बावीस वळणं आहेत, मी मोजली आहेत. त्यातली अकरा उजवीकडची. आज शनिवार आहे.

असो. पत्रात काही मागणं नाही, मन मोकळं करायचं होतं एवढंच. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा आज्ञाधारक (यापुढे)
धाकटा

ता. क. १: मागणं आहे. ताईला तूच फोन करून सांग की सोमवारी जमत नाही. माझ्याच्याने होत नाही. चार वेळा फोन हातात घेतला. तिने ‘टायर आले का रे?’ विचारलं तर ‘आले’ म्हणावं लागेल आणि ती पिशवी भरून बसेल.

ता. क. २: फोन करू नकोस. आज मंगळवार, पत्र माझ्या खिशातच राहिलं. शनिवारीच हिने माझ्यामागे ताईला फोन करून एका वाक्यात सगळं सांगितलं: यांची गाडी फक्त सरळ जाते. रविवारी सकाळी साडेसहाला ताई दारात. डेअरीच्या दुधाच्या गाडीतून आली. ती गाडी रोज त्याच रस्त्याने वर जाते आणि खाली येते. तिचे टायर मी पाहिले, काडी घालायला खाचच उरलेली नाही. मी विचारलं, ताई, ही गाडी मार्चपासून होती, मग आधीच का नाही आलीस? तर म्हणाली, “तू एवढा वहीत लिहून काढत होतास. मी दुधाच्या गाडीत बसून आले असते तर तुला कसं वाटलं असतं?” दादा, यावर मी काही बोललो नाही, हे हिने घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आहे.

काल ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, पिकलं होतं, पण वेळेत आलात. ‘आलात’ म्हणताना त्यांनी ताईकडेच पाहिलं, ते बरोबरच आहे.

ता. क. ३: आज सकाळी पट्टी काढली. ताई काळा चष्मा लावून जिन्याखाली आली, चार टायरांकडे पाहिलं, मग गाडीकडे पाहिलं. मोजून दोन सेकंद. म्हणाली, “हे दादाच्या जीपला घेतलेस होय? बरं केलंस. तिचे पार गेले होते.”

मी ‘हो’ म्हणालो. तर ते शुक्रवारी तुझ्याकडे पाठवतो आहे. ताई विचारेल, तेव्हा आपलं आधीच बोलणं झालं होतं असं सांग.