तुझं पडणं, माझं पडणं

प्रिय भिंगरी,

सकाळी फोनवर मी एवढंच म्हणालो, की मामा पत्र घेऊन येतोय, ते वाचून होईपर्यंत धावायला जाऊ नकोस. तू का म्हणून विचारलंस आणि मी फोन ठेवून दिला. नंतर तुझे चार फोन आले, ते आईने घेतले. काही सांगू नकोस, हे माझं मलाच सांगू दे, असं मी तिला बजावलं होतं. तोंडाने सांगायला गेलो की माझी गाडी कुठे अडते, हे तुम्हा दोघींनाही ठाऊक आहे. मामा बाराला निघेल. आता साडेनऊ झालेत. घाईत लिहितोय म्हणून अक्षर असं आलंय. एरवीही ते काही देखणं नव्हतंच म्हणा.

आधी माझी बातमी. मी घरी आहे, दोन वेळ जेवतोय आणि तुझ्या आईची बोलणी खातोय. तू गेल्यापासून माझं पोट सुटलं. लिफ्टच्या छताला एक झडप असते, तिच्यातून वर जाताना मी गेल्या महिन्यात अडकलो. बंद लिफ्टमध्ये अडकलेल्यांना काढायला गेलेला माणूस स्वतःच अडकला, म्हणून माझ्या जोडीदाराने आठ दिवस सगळ्या कामगारांना हसवलं. आई मात्र हसली नाही. तिने कोपऱ्यावरच्या व्यायामशाळेत माझं नाव घालून टाकलं. तिथे जागच्या जागी चालवायच्या बारा सायकली ओळीने मांडल्यात, समोर एक मास्तरीणबाई, आणि मोठ्याने गाणी. सगळ्या पोरींमध्ये मी एकटा पिकल्या मिश्यांचा.

शनिवारी सकाळी माझा तिसरा दिवस होता. उपाशीपोटी गेलो, कारण खाल्लं तर व्यायामाचा काय उपयोग, हा माझा हिशेब. शेजारची पोरगी माझ्यापेक्षा जोरात पेडल मारतेय म्हटल्यावर मीही इरेला पेटलो. शेवटी शेवटी छातीत काहीतरी फडफडलं. आता इथे माझा धंदा आडवा आला. यंत्राने जरा वेगळा आवाज केला की आधी लाल बटण, मग विचार. लिफ्टच्या कामात तीस वर्षं माझा हात असाच चालतो. त्या सायकलला पुढे लाल मूठ आहे. मास्तरीणबाई ओरडून सांगत होत्या, थांबू नका, आता पाच मिनिटं हळूहळू चालवा. मी मूठ दाबली, चाक जागच्या जागी थांबवलं आणि खाली उतरून ताठ उभा राहिलो.

पुढचं लिहायला मला अजून भीती वाटते. आधी कानात शिट्टी वाजायला लागली. मग कडेकडेने अंधार आत सरकत आला आणि मास्तरीणबाईंचा चेहरा फक्त उरला, तोही लांब. अंगावर गार घाम. कुणी बघू नये म्हणून मी न्हाणीघरात गेलो, दाराची खालची कडी लावली आणि गरम पाण्याचा नळ सोडला. गरम पाण्याने बरं वाटेल असं वाटलं. झालं उलटंच, अंधार आणखी दाटला. मला कडी दिसत होती, पण हात तिथवर जाईना. इतकी वर्षं मी लिफ्टची दारं उघडतोय, आणि आपण बंद दाराआड मरणार, बाहेर कुणाला पत्ताही नसणार, एवढं एकच डोक्यात. तुझ्या आईला कोण सांगेल, तेही सुचेना.

तेव्हा माझाच आवाज मला ऐकू आला. अडकलेल्या लोकांना मी वरून सांगतो ना, दार ढकलू नका, आधी खाली बसा, श्वास घ्या, मी आलोय. तर मी बसलो. ओल्या फरशीवर, कपड्यांसकट. डोकं गुडघ्यांत घातलं आणि अंधार थोडा मागे हटला. बसल्या बसल्या सरकत जाऊन पायानेच कडी वर ढकलली. मास्तरीणबाई बाहेरच होत्या. त्यांनी नळ बंद केला, मला आडवं केलं आणि पाय बाकावर ठेवले. पाणी मागितलं तर घोट घोटच दिलं. उठायला बघितलं तर खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, काका, आज तुम्ही माझं ऐकायचं. छातीत फडफडलं होतं हे कळल्यावर त्यांनी मला घरी सोडलंच नाही, थेट इस्पितळाची गाडी बोलावली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी छातीला तारा लावल्या, रक्त घेतलं, आणि सोडताना म्हणाल्या, बुधवारी हृदयाची सोनोग्राफीसारखी एक तपासणी करू, तोवर जिनासुद्धा सावकाश चढायचा. मग कागदावर लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय का? मी म्हणालो, माझा धाकटा काका, पोहताना. त्यांनी पुढे विचारलं, घरातलं कुणी व्यायाम करताना, धावताना वगैरे शुद्ध हरपून पडलंय का? मी म्हणालो, नाही.

पटकन म्हणालो. आई बाजूला बसली होती. तिने माझ्याकडे बघितलं.

चार दिवस मी फक्त स्वतःसाठी घाबरलो. झोपताना उजव्या कुशीवर की डाव्या, याचीही भीती. मनगट धरून ठोके मोजत बसायचो. रविवारी तू फोटो पाठवलास, घामाने भिजलेली, हसत, खाली लिहिलेलं, सतरा किलोमीटर. मी फोन पालथा घातला. मला तेव्हाच कळलं होतं, भिंगरी. कळलं होतं आणि तरी मी सोमवार गप्प काढला, मंगळवारही काढला. ते चार दिवस तू रोज धावत होतीस. 

काल तपासणी झाली. माझं हृदय ठणठणीत आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उपाशीपोटी जोर काढला, एकदम थांबलात, सगळं रक्त पायांत राहिलं, वर गरम पाणी. व्यायाम पुन्हा करा, पण खाऊन, वेग हळूहळू चढवत आणि हळूहळू उतरवत. छातीत पुन्हा काही झालं तर लगेच या. आईने त्यांचे हात धरले. आम्ही बाहेर आलो, पायऱ्या उतरलो, आणि फाटकापाशी आई थांबली. म्हणाली, तुम्ही परत जाणार आहात की मी जाऊ?

मी परत गेलो. दार उघडून उभ्याउभ्याच सांगितलं, की माझी मुलगी चौदा वर्षांची असताना शाळेच्या मैदानावर धावताना पडली होती. त्यांनी विचारलं, शर्यत संपल्यावर? मी म्हणालो, नाही, धावता धावता, तिसऱ्या फेरीच्या वळणावर. हात पुढे केले होते का? नाही, तोंडावर पडली, हनुवटी फुटली. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तुमचं पडणं थांबल्यानंतरचं, ते बहुतेक वेळा साधं असतं. धावता धावता शुद्ध जाणं वेगळं, त्यात तुमचा काका पोहताना गेलेला. कदाचित काहीच निघणार नाही, पण बघितल्याशिवाय तिने एक पाऊलही धावायचं नाही. ती आता कुठे असते? मी म्हणालो, लांब असते, पुढच्या महिन्यात मोठ्या शर्यतीत उतरणार आहे. त्यांनी समोरची खुर्ची पुढे सरकवली आणि मी बसलो.

आता जे लिहायचं म्हणून हे सगळं लिहिलं, ते लिहितो. शाळेतल्या त्या शर्यतीत तू चौथी होतीस. मी कठड्यापाशी उभा होतो आणि तू पडलीस तेव्हा मी तुझ्या बाईंसमोर म्हणालो, हरणार दिसल्यावर पडली, नाटकं आहेत. टाके घालताना दवाखान्यात मी सांगितलं, पाय अडखळला. तू रक्ताळलेल्या तोंडाने म्हणालीस, बाबा, पाय नाही अडखळला, आधी अंधार झाला. मी म्हटलं, गप्प बस. आई मोठ्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणत होती, तिलाही मी उडवून लावलं, आणि पुढे वर्षभर तुला नाटककंपनी म्हणून हाक मारली. तू परत कधी तो विषय काढला नाहीस. शनिवारी मला तो अंधार दिसला. मी पन्नाशी ओलांडलेला बाप्या, आणि भीतीने माझी वाचा गेली होती. तू चौदा वर्षांची होतीस. मला माफ कर असं लिहिणार होतो, पण ते तुझं तू नंतर ठरव. आधी उद्या सकाळी मामाबरोबर हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. वेळ आईने घेऊन ठेवली आहे, मीही आजच्या संध्याकाळच्या गाडीने निघतोय. पाकिटात एक कागद आहे, तो त्यांना दे. त्यावर मी लिहिलंय की माझ्या मुलीचा पाय अडखळला नव्हता, तिची शुद्ध गेली होती, तिने ते तेव्हाच सांगितलं होतं आणि मी खोटं सांगितलं. खाली सही केली आहे.

तुझाच,
बाबा