मोकळी बाजू

४ नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

बाबा माझ्याकडे येऊन आठवडा झाला. मनगटाचं प्लास्टर निघालं. न्हाणीघरात पुन्हा पडणार नाही याची हमी ते देतात, मी घेत नाही. कायमचे इथेच राहा म्हटलं, तर थोडे दिवस बघू म्हणाले. त्यांची बॅग कॉटखाली भरलेलीच आहे. टूथब्रशसुद्धा वापरून झाला की पुसून तिच्यात जातो.

लिहायचं कारण आईचा शिंपल्यांचा दिवा. बाबांच्या खुर्चीबरोबर तोही आणला. टेम्पोत खोक्याने मार खाल्ला आणि माळांचा गुंता झाला. मी तो सगळा उतरवला आहे. माळा ओवलेली नायलॉनची तंगूस ठिसूळ झाली होती, ती बदलते आहे. वाहून आलेल्या लाकडाचं वरचं कडं शाबूत आहे, पण एका बाजूला ते उघडंच दिसतं. तिथे चार माळा मावतील. कधीतरी तुटून पडल्या असाव्यात. खोक्यात तुकडे सापडले नाहीत.

मला तो दिवा भरलेलाच आठवतो. माझं अभ्यासाचं टेबल आतल्या खोलीत होतं, दारातून दिवा पाठमोरा दिसायचा. वाऱ्याने शिंपले वाजले की आई बाहेरून अभ्यास कर म्हणून ओरडायची, जणू मीच वाजले.

तुझ्याकडे तसेच पातळ, चपटे, उजेड झिरपू देणारे शिंपले असतील तर पाठव. माळेच्या टोकाला वजनासाठी लागतात ते बारके शंखही. घाई नाही, पण ती बॅग बघता फार उशीरही नको.

तुझा लोभ आहे हे तपासून पाहिलेलं आहे. तो तसाच असावा.

तुझी,
मीटर

१२ नोव्हेंबर

चि. मीटर हिस,
अनेक आशीर्वाद. किती ते मोजत बसू नकोस.

वीतभर होतीस तेव्हा टेप घेऊन माझी वेणी मोजायला यायचीस. तेव्हापासून तुला हे नाव चिकटलं आणि तू नोकरीही दिवे मोजण्याचीच धरलीस. जित्याची खोड.

शिंपले सोबतच्या डब्यात आहेत. सगळे जुन्या टोपलीतले, ताईने आणि मी मिळून वेचलेले. भरती ओसरली की आम्ही दोघी निघायचो. ताईचा नियम कडक होता. समुद्राने काठावर टाकलं असेल तेवढंच उचलायचं, पाण्यात हात घालून त्याच्या घरात शिरायचं नाही. आणलेलं सगळं आधी समुद्राच्याच पाण्याच्या बादलीत, मागच्या ओट्यावर, सावलीत. सकाळी एखादा शंख चालायला लागला की समजायचं, आत खेकडा नांदतोय. मग त्याला परत पोचवायची वरात. शिवाय शेजारी दोन रिकामे शंख ठेवून यायचे, अंगाने भरला तर बिऱ्हाड बदलायला. एकदा निम्मी बादलीच चालायला लागली. ताई हसता हसता ओट्यावर फतकल मारून बसली. ते हसू मला अजून ऐकू येतं.

आणि त्या उघड्या बाजूचं म्हणशील, तर काही तुटलेलं नाही. दिवा केला त्या साली शिंपलेच कमी पडले. पुढच्या साली मी टोपलीभर नेऊन दिले, आता पुरा कर म्हटलं. बाईसाहेबांनी त्यांचे दुसऱ्यांसाठी दिवे केले, स्वतःचा राहिला तो राहिलाच. आळशी होती हो तुझी आई त्या बाबतीत. आता लेक पुरा करते आहे, मला बरं वाटलं.

भावोजी टिकतील का, ही तुझी खरी काळजी. लिहिली नाहीस तरी कळली. त्यांना रात्रभर बादलीत ठेवून बघ. सकाळी चालायला लागले नाहीत, तर ते तुझे.

माया आहेच, वरचेवर लिहून ती ताजी ठेव.

मावशी

३० नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न.

दिवा झाला. शिंपले रंगाला जुळले, शंखांच्या वजनाने माळा सरळ लोंबतात. आत जुन्यासारखाच पिवळसर बल्ब घातला. चहूबाजूंनी मीटरने उजेड मोजला, सगळीकडे सारखा आहे. बाबांच्या खुर्चीच्या वर, तिकडे होता तितक्याच उंचीवर टांगला.

बाबांनी पाहिला. छान झालाय म्हणाले, कड्यावरून हात फिरवला आणि आत जाऊन झोपले. दुसऱ्या दिवशी तेच. पेपर घडी न मोडता पडून असतो. डोळे तपासून आणले, चष्मा बरोबर आहे. काल शेजाऱ्यांकडे गावच्या बसची चौकशी केली म्हणे. मला विचारलं नाही.

काय चुकलं ते मला समजत नाही. कारखान्यांचे दिवे तपासून पास-नापास ठरवणं हे माझं रोजचं काम. हा दिवा सगळ्या कसोट्यांना उतरतो. तुला काही आठवत असेल तर कळव. तो कसा केला ते तू सांगितलंस. त्याच्याखाली काय चालायचं, ते मी आतल्या खोलीतून कधी पाहिलंच नाही.

लोभ आहे तो वाढवावा, सध्या गरज आहे.

तुझी,
मीटर

३ डिसेंबर

मेहुणीबाईस सप्रेम नमस्कार.

एक काम आहे. घर उघडून त्याला दोन दिवस वारा लागू दे. किल्ली तुझ्या कमरेलाच असते. येत्या आठवड्यात येईन म्हणतो.

पोर माझं फार करते. गोळ्या घड्याळ लावून देते. दिवा तर असा जुळवलाय की तुझी ताई असती तर हेव्याने दोन दिवस बोलली नसती. पण तुला म्हणून सांगतो, त्याच्याखाली मला बसवत नाही.

त्याला एक मोकळी बाजू होती, आठवते? शिंपले कमी पडले म्हणून राहिली होती. तिच्यातून उजेड थेट खाली पडायचा. तुझ्या ताईने माझी खुर्ची उचलून तिथे ठेवली. ती शिंपल्यांना भोकं पाडायची, ओवायची आणि मी पेपरातल्या हरवले-सापडलेच्या जाहिराती वाचून दाखवायचो. कुणाची छत्री, कुणाचा पोपट. तू टोपली घेऊन आलीस त्या दिवशी मीही म्हटलं होतं, आता पुरा कर. तर म्हणाली, "पुरा केला तर तुम्ही कुठे बसाल?"

आता तिथे माळा आहेत. उजेड चांगला आहे, पण माझी जागा गेली. पोरीला यातलं काही बोलू नकोस. तिने त्याच्यावर रविवारमागून रविवार घातले आहेत.

थट्टा करत आलीस तशीच करत राहा, एवढंच मागणं.

तुझा,
भावोजी

७ डिसेंबर

चि. मीटर हिस आशीर्वाद.

तुझ्या बाबांनी तुला काही बोलू नकोस असं बजावलं आहे. म्हणून मी बोलत नाही, त्यांचं पत्रच सोबत घातलं आहे.

इतकी वर्षं मी ताईला आळशी म्हणत आले. तीही हसून ऐकून घ्यायची, कारण सांगितलं नाही. नवरा-बायकोच्या गोष्टी बहिणीला तरी कुठे कळतात. आणि शिंपले पाठवणारी मीच, तेव्हा निम्मी चूक माझ्या नावावर घाल.

घराची किल्ली सापडत नाही असं भावोजींना कळवलं आहे. ती माझ्या कमरेला आहे. फार दिवस हरवून ठेवता येणार नाही, तेव्हा हात चालव.

मावशी

१६ डिसेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

शनिवारी बाबा केस कापायला गेले तेव्हा मी त्या चार माळा उतरवल्या आणि मोकळी बाजू खुर्चीकडे फिरवली. सवयीने मोजूनही पाहिलं. खुर्चीवर भरपूर उजेड, बाकी खोलीत बेताचा. आमच्याकडे असा दिवा नापास होईल. मीटर कपाटात ठेवून दिला.

संध्याकाळी मी दिवा लावला आणि स्वयंपाकघरात गेले. काही सांगितलं नाही. मग खुर्ची करकरली आणि बाबांनी चष्मा मागितला. नेऊन दिला. त्यांनी वर पाहिलं नाही, मीही नाही.

पेपर उघडून ते वाचायला लागले, मोठ्याने. ऐकते आहेस ना, असं मध्येच विचारलं. ऐकते आहे म्हटलं. उतरवलेल्या माळा घेऊन मी त्यांच्या पायाशी बसले आणि शिंपले सोडवू लागले. आई तिथेच बसत असावी. तिथून त्यांचा चेहरा उजेडात दिसतो. मला तो असा पाहिल्याचं आठवत नाही.

सोडवलेले शिंपले तुझ्या टोपलीत ठेवायला पाठवते आहे. शंख मात्र किनाऱ्यावर ठेवून ये. कुणाला बिऱ्हाड बदलायचं असेल.

टूथब्रश दोन दिवस बेसिनवरच्या पेल्यात आहे. बॅग अजून कॉटखालीच आहे, मी उघडून पाहिलेली नाही.

काल त्यांनी छत्री वाचली, एक कुत्रा वाचला. मग घसा खाकरून तिसरी जाहिरात वाचली: गावाकडच्या घराची किल्ली हरवली आहे, शेवटची मेहुणीच्या कमरेला दिसली होती, सापडल्यास तूर्त कळवू नये.

नंतर मी पेपर तपासला. त्यात दोनच जाहिराती होत्या.

लोभ आहेच, किल्लीबरोबर तोही सांभाळ.

तुझी,
मीटर