मोठ्या अक्षरांचं कुलूप

आई, लिहायला फार उशीर झाला, रागावू नकोस. इकडे माझ्या जिवाला घोर लागलाय आणि तुझी सून गेल्यापासून सांगायला घरात कुणी नाही. मागे एका फसव्या फोनवर मी घाबरून बँकेचं सगळं सांगत सुटलो होतो, थोडक्यात निभावलं. तेव्हापासून धसका घेतला म्हणून तुझ्या नातीने, धाकटीच्या मुलीने, मला असा कॉम्प्युटर करून दिला की तो पेनड्राइव्हवर चालतो आणि बंद केला की सगळं विसरतो. चोराला काही सापडत नाही. पण माझी मांडणीही तो विसरायचा. फायलींची खिडकी रोज बारीक अक्षरांत उघडायची. मी अक्षरं मोठी करायचो, दुसऱ्या पेनड्राइव्हवरचे तुझ्या सुनेचे फोटो वर आणायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

दिवाळीला नात पुण्याहून आली. म्हणाली, "मामा, याच पेनड्राइव्हवर कुलपातली जागा करते. तुमची मांडणी, फोटो, सगळं तिथं राहील. कुलूप उघडायचे सात शब्द तुम्हीच टाका, मला सांगू नका. विसरलात तर मलाही उघडता यायचं नाही."

मला शिनोलीचं स्वयंपाकघर आठवलं. तू जाण्याआधी तुला दिसेनासं झालं होतं, फळीवरचे सात डबे तू जागेवरून ओळखायचीस. मी एकदा ते घासूनपुसून उंचीप्रमाणे लावले. त्या दिवशी कालवणात साखर पडली. तू म्हणतेस, "माझं घर इकडचं तिकडं केलंस तू. आता मी चाचपडत बसू व्हय?" मग एकेका झाकणावर हात ठेवून तू मला डबे पुन्हा लावायला लावतेस.

त्या सात डब्यांतल्या जिनसांची नावं, तेच सात शब्द मी ओळीने एका बोटाने टाकले. दुसऱ्या दिवशी अक्षरं मोठीच होती. इतका निर्धास्त झालो की बाहेर त्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवलेले फोटो पुसून टाकले, उगाच कुणाच्या हाती लागायला नकोत म्हणून. मग पायाच्या दुखण्याने महिनाभर डिंगोऱ्याला बहिणीकडे राहिलो. परत आलो तर पाचवा डबा आठवेना. जिरं, मोहरी, गूळ, चहा, सगळं टाकून पाहिलं. तुझ्या सुनेचा एकही फोटो आता माझ्याकडे नाही. नातीने फोनवर विचारलं तर मी म्हणालो, झकास चाललंय.

हे कुलपाबाहेरच लिहितोय. मशीन बंद केलं की हेही जाईल, म्हणून दोन दिवस चालूच ठेवलंय आणि वीज जाईल म्हणून जीव टांगणीला लागलाय. पाचव्या डब्यात काय होतं, तेवढं लवकर कळव.